करमुक्त इतिहास की ऋणमुक्त समाज?

(परळी वैजनाथ येथे नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



प्रभू वैद्यनाथाच्या दर्शनाला आलेला यात्रेकरू मंदिराच्या पायऱ्या चढतो, गाभाऱ्यात जातो आणि ज्योतिर्लिंगाला स्वतःच्या हाताने स्पर्श करून माथा टेकतो. या पायऱ्या कोणी बांधल्या, या दगडाचे पैसे कोणी मोजले, असा प्रश्न त्या क्षणी त्याच्या मनात येत नाही. तो येऊ नये, हेच बांधणाऱ्याचे यश. आज दिसणारे हे मंदिर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी केलेल्या जीर्णोद्धाराचे आहे, एवढे परळीतील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण त्याच्या पलीकडची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. परळीचा मुलूख होळकरांच्या दौलतीत नव्हता. येथून एक रुपयाचाही महसूल महेश्वरला जात नव्हता. काशी, गया, सोमनाथ, रामेश्वर ही क्षेत्रेही होळकरांच्या राज्यात नव्हती. मग या खर्चाचा पैसा कोठून आला?

त्याचे उत्तर होळकरशाहीच्या हिशोबपद्धतीत आहे. दौलत आणि खासगी असे दोन स्वतंत्र खजिने तेथे होते. दौलतीचा पैसा फौजफाट्याचा, राज्यकारभाराचा. खासगीचा पैसा राजघराण्यातील स्त्रीच्या स्वाधीन. थोरल्या बाजीराव पेशव्यांनी १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगीची जहागीर दिली, तीच पुढे अहिल्यादेवींकडे आली. त्यांनी या खासगीवर तुळशीपत्र ठेवले आणि ती धर्मकार्यासाठी वाहिली, अशी परंपरेने सांगितली जाणारी कथा आहे. मंदिरे, घाट, बारव, धर्मशाळा आणि अन्नछत्रे ही त्या खासगीतून उभी राहिली. खासगीचे उत्पन्नदेखील शेवटी रयतेच्याच शेतात पिकत होते, हे कोणी नाकारणार नाही. परंतु कोणता पैसा कोणत्या कामाचा, याची रेघ आखलेली होती आणि सर्वसत्ताधीश असूनही राज्यकर्तीने ती ओलांडली नाही.

शासनाचा पैसा, समाजाचा इतिहास आणि लोकांची करमणूक या तीन गोष्टींचा परस्परसंबंध आज तपासायचा आहे. तो या मंदिराच्या पायरीवरून तपासणे सर्वात सोपे.

'करमुक्त' म्हणजे काय?

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी 'छावा' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला, लक्ष्मण उतेकरांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट गावोगावी गर्दीने पाहिला गेला. छत्रपती संभाजी महाराजांचे बलिदान पडद्यावर पाहून प्रौढ माणसे डोळे पुसत बाहेर पडली. लगोलग मागणी सुरू झाली : चित्रपट करमुक्त करा. मध्य प्रदेश आणि गोवा या राज्यांनी तशी घोषणा केली. साहजिकच महाराष्ट्रात प्रश्न विचारला गेला की, ज्या भूमीत महाराज जन्मले आणि जेथे त्यांचे बलिदान झाले, ती भूमी मागे का? मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी शिवजयंतीच्या दिवशी शिवनेरीवर उत्तर दिले की, महाराष्ट्राने २०१७ मध्येच करमणूक कर रद्द केलेला आहे. जो कर अस्तित्वातच नाही, तो माफ कसा करायचा?

उत्तर वस्तुस्थितीला धरून होते. करमणूक शुल्काचा मूळ कायदा १९२३ सालचा, म्हणजे इंग्रजी अमदानीतला. लोकांच्या हसण्या-रडण्यावर शुल्क बसवण्याची ही कल्पना परकीय सरकारची. स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले, शुल्क राहिले आणि वाढत गेले. मुंबईसारख्या महानगरात ते तिकिटाच्या किमतीवर ४५ टक्क्यांपर्यंत होते. त्या काळी 'करमुक्त' या शब्दाला वजन होते. तिकीट खरोखरच स्वस्त होई, शाळा मुलांच्या रांगा लावून चित्रपट दाखवीत, आणि भिंतीवरील जाहिरातीत त्या एका शब्दाला नायकाच्या नावाइतकी जागा मिळे.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि करमणूक शुल्क त्यात विलीन झाले. यातला विरोधाभास असा की, मराठी चित्रपटांना महाराष्ट्रात करमणूक शुल्काची सूट होती. नव्या करपद्धतीत ती सूट संपली आणि मराठी चित्रपटाच्या तिकिटावर हिंदी चित्रपटाइतका कर लागला. कर रद्द झाल्याचा आनंद सर्वांनी साजरा केला. मायबोलीच्या चित्रपटावर कर बसला, याची चर्चा मात्र थोड्यांनीच केली.

आता करमुक्तीचा एकच मार्ग उरला आहे. वस्तू व सेवा करातील राज्याचा निम्मा हिस्सा राज्याने स्वतःच्या तिजोरीतून परत करायचा. २०२० च्या जानेवारीत 'तान्हाजी'साठी महाराष्ट्राने हा मार्ग पत्करला होता. म्हणजे आज करमुक्ती ही सूट राहिलेली नाही, ते अनुदान झाले आहे. हा फरक लहान वाटतो, पण सूट देताना शासन घेत नाही, अनुदान देताना शासन देते. दिलेला प्रत्येक रुपया कोणत्या तरी दुसऱ्या कामाचा असतो.

या अनुदानातून सामान्य कुटुंबाच्या पदरात काय पडते, तेही मोजून पाहावे. २०० रुपयांच्या तिकिटावर १८ टक्के कर म्हणजे ३६ रुपये. राज्याचा हिस्सा १८ रुपये. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. म्हणजे परळीसारख्या गावात १०० रुपयांचे तिकीट काढून चौघांचे कुटुंब चित्रपटाला गेले, तर करमुक्तीमुळे त्याचे चौघांचे मिळून १० रुपये वाचतील. मध्यंतरात एक चहासुद्धा त्यात येत नाही. महानगरातील वातानुकूलित चित्रगृहात ५०० रुपयांचे तिकीट काढणाऱ्याचे मात्र प्रत्येकी ४५ रुपये वाचतील. ज्याला मदतीची गरज कमी, त्याला मदत अधिक, असा हा हिशोब आहे.

पडद्यामागची चाळीस वर्षे

तरीही लोकांच्या मागणीमागची भावना खरी होती आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. संभाजी महाराजांवर इतिहासाने अन्याय केला, त्याचे परिमार्जन व्हावे, असे सामान्य माणसाला वाटत होते. पण हा अन्याय नेमका कोणी केला? आणि तो दूर कोणी केला?

महाराजांचे बलिदान १६८९ सालचे. त्यांची जी प्रतिमा पुढे रूढ झाली, तिचा मोठा आधार होता मल्हार रामराव चिटणीसांची बखर. ती लिहिली गेली घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी आणि लिहिणारे होते बाळाजी आवजी चिटणीसांचे वंशज, ज्या बाळाजींना संभाजी महाराजांच्या आज्ञेने देहदंड झाला होता. बखरीतील रंग नाटककारांनी उचलला. नाट्यगृहात तो अधिक गडद झाला. व्यसनी, उतावळा, नादान युवराज हे पात्र रंगभूमीला फार सोयीचे होते. पिता महान आणि पुत्र करंटा, अशी जोडी उभी केली की तिसरा अंक आपोआप रंगतो. मराठी प्रेक्षकांच्या दोन-तीन पिढ्या हेच पाहत मोठ्या झाल्या. येथे कोणा शासनाने खोटा इतिहास लादलेला नव्हता. तिकीट काढून, टाळ्या वाजवून आपणच तो विकत घेतला होता.

हे चित्र पालटले ते कोणा अभिनेत्याने नव्हे. वासुदेव सीताराम बेंद्रे नावाच्या एका संशोधकाने चार दशके कागदपत्रांत घालवली. मराठी, फारसी, इंग्रजी साधने ताडून पाहिली. वढू बुद्रुक येथील समाधीचे स्थान प्रकाशात आणले. १९६० मध्ये त्यांचे 'छत्रपती संभाजी महाराज' हे चरित्र प्रसिद्ध झाले आणि बखरीचा पाया हादरला. डॉ. कमल गोखले यांच्या संशोधनाने 'शिवपुत्र संभाजी' हा ग्रंथ दिला. 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ लिहिणारा विद्वान, चार शत्रूंशी एकाच वेळी झुंजणारा सेनानी, असे रूप समोर आले. वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते' या १९६२ च्या नाटकाने पितापुत्रांतील दुराव्याकडे सहानुभूतीने पाहिले. पुढे 'इथे ओशाळला मृत्यू'मध्ये त्याच लेखणीने महाराजांचे तेजस्वी मरण रंगवले. १९७९ मध्ये 'छावा' कादंबरी आली. आणि त्यानंतर सुमारे पंचेचाळीस वर्षांनी चित्रपट.

ही साखळी ध्यानात घ्यावी : कागद, मग ग्रंथ, मग नाटक-कादंबरी आणि सर्वात शेवटी पडदा. पडद्यावर पैसा सर्वाधिक मिळतो, कागदाजवळ सर्वात कमी. बेंद्रे ज्या दिवशी धुळीने माखलेले रुमाल सोडून बसले होते, त्या दिवशी त्यांच्यासाठी करमाफीची मागणी करायला कोणी रस्त्यावर उतरले नव्हते. तेथे झरा आटला असता, तर २०२५ मध्ये पडद्यावर गंगा अवतरली नसती.

करमणुकीचे सामर्थ्य आणि मर्यादा

लोकप्रिय करमणूक हे केवढे प्रभावी साधन आहे, याचे एक उदाहरण 'छावा'नेच दिले. चित्रपटात बुऱ्हाणपूरच्या लुटीचा प्रसंग आहे. तो पाहून मध्य प्रदेशातील असीरगडाच्या परिसरात शेकडो लोक रात्री विजेऱ्या, कुदळी आणि धातुशोधक यंत्रे घेऊन शेते खणू लागले. मोगलांचे सोने जमिनीत पुरलेले आहे, अशी वदंता पसरली होती. पोलिसांना बंदोबस्त करावा लागला. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. जे पडद्यावर दिसले ते सत्य, असे मानून माणसे रात्री कुदळ उचलतात. संभाजी महाराजांचा खरा ठेवा 'बुधभूषण'मध्ये आहे. त्याची प्रत मागायला मात्र ग्रंथालयासमोर रांग लागली नाही.

दुसरे उदाहरण. प्रदर्शनापूर्वीच महाराज आणि येसूबाई राणीसाहेब लेझीम खेळत असल्याच्या दृश्यावर आक्षेप आला आणि दिग्दर्शकांनी ते वगळले. प्रदर्शनानंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणाबद्दल हरकत घेतली, तेव्हा दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. चित्रपट ही कलाकृती आहे. तिला प्रसंग कल्पावे लागतात, संवाद रचावे लागतात. त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा शासन त्यावर 'करमुक्त'चा शिक्का मारते आणि प्रेक्षक तो शिक्का सत्यतेचा दाखला समजतो. कर माफ करणारा वित्त विभाग इतिहासाची छाननी करत नाही. पण लोकांना तसे वाटते.

राजाश्रयाची परंपरा

मग राजसत्तेने करमणुकीकडे पाहूच नये काय? आपली परंपरा तसे सांगत नाही. अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासाला घोडा आणि सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचा उल्लेख त्या पोवाड्यातच आहे. स्वराज्याच्या तिजोरीतून लोककलेवर झालेला हा खर्च म्हणता येईल. त्याचे वैशिष्ट्य असे की, पोवाडा आधी झाला, बक्षीस नंतर मिळाले.

अहिल्यादेवींची एक आख्यायिका याच संदर्भात सांगतात. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी तमाशाचा फड घेऊन फिरत. त्यांच्या वाणीचे सामर्थ्य पाहून अहिल्यादेवींनी ते ईश्वरभक्तीकडे वळवावे असे सुचवले आणि शाहिरांनी डफ फोडून कीर्तनाची वाट धरली. खर्ड्याच्या लढाईवर पोवाडा रचणारे हेच ते फंदी. आख्यायिकेतील तपशील कसाही असो, लोकांनी ती दोनशे वर्षे जपली, कारण तिच्यात राज्यकर्त्याचे एक रूप आहे : बंदी न घालता कलावंताची जाण वाढवणारे.

स्वतंत्र भारताच्या शासनानेही या क्षेत्रात खर्च केला. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले. प्रत्येक खेळाआधी त्यांचा अनुबोधपट दाखवणे चित्रगृहांना सक्तीचे होते आणि त्याचे भाडेही चित्रगृहानेच भरायचे. परिणाम काय झाला? प्रेक्षकांनी उशिरा येण्याची सवय लावून घेतली. त्या अनुबोधपटांत कित्येक उत्कृष्ट होते. परंतु सक्तीने दाखवलेली चांगली गोष्टही माणूस पाठ फिरवून पाहतो.

१९८२ च्या 'गांधी' या ॲटनबरो यांच्या चित्रपटात राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळामार्फत भारत सरकारचा पैसा होता. तो जगभर गेला. डॉ. जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या २००० सालच्या चित्रपटालाही केंद्र आणि महाराष्ट्र शासनाने अर्थसाह्य केले. चित्रपट अभ्यासपूर्ण होता, मामुट्टी यांच्या अभिनयाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण त्याचे तमिळ रूपांतर चित्रगृहात पोचायला २०१० चा डिसेंबर उजाडला, तोही न्यायालयात दाद मागितल्यानंतर. शासनाने चित्रपट बनवला, परंतु तो लोकांपर्यंत नेणे कोणाचेच काम नव्हते. डबा भरला आणि कपाटात ठेवला, असा प्रकार झाला.

लोकाश्रयाचे सामर्थ्य

याच्या शेजारी दुसरी परंपरा ठेवून पाहावी. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये विमा पॉलिसीवर कर्ज काढले, विलायतेत जाऊन तंत्र शिकून आले आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आणला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, शेकडो माणसांचा स्वयंपाक रांधला आणि रात्री फिल्मच्या पट्टीला भोके पाडण्याचे कामही केले. या देशाच्या चित्रपटसृष्टीचा पाया अशा रीतीने एका गृहिणीच्या सोन्यावर उभा आहे.

१९७६ मध्ये श्याम बेनेगल यांचा 'मंथन' आला. गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाखांत चित्रपट झाला. आपण निर्माते आहोत म्हणून खेडुतांचे जथे तो पाहायला आले. २०२४ मध्ये, जवळपास अर्ध्या शतकानंतर, त्याची पुनरुज्जीवित प्रत कान महोत्सवात दाखवली गेली.

आणि महाराष्ट्रातील उदाहरण तर आपल्या घरातले. सुधीर फडके ऊर्फ बाबूजी यांनी स्वातंत्र्यवीर सावरकरांवर चित्रपट काढण्याचा संकल्प केला. सावरकर दर्शन प्रतिष्ठानच्या माध्यमातून लोकवर्गणी गोळा झाली. दशकभराहून अधिक काळ गेला. अडचणी आल्या, टीका झाली, वय उलटले. अखेर २००१ मध्ये 'वीर सावरकर' पडद्यावर आला आणि २९ जुलै २००२ रोजी बाबूजी गेले. आयुष्यभर सुरांची श्रीमंती भोगलेल्या माणसाने उतारवयात झोळी हाती घेतली. त्या काळात दहा-वीस रुपयांची पावती फाडणारी कितीतरी मध्यमवर्गीय घरे मराठवाड्यातही असतील. चित्रपट कलादृष्ट्या किती उंच, याबद्दल मतभेद असू शकतात. परंतु सरकार बदलल्यामुळे तो कपाटात गेला नाही, कारण तो सरकारचा नव्हताच.

येथे विषयाचा गाभा आहे. आज आपल्या विचाराचे शासन आहे म्हणून आपल्याला हवा तो इतिहास सरकारी खर्चाने दाखवता येईल, असे ज्यांना वाटते, त्यांनी पुढचा विचार करावा. शासन येते आणि जाते. एका शासनाने पैसा ओतून एक इतिहास दाखवला, तर पुढच्या शासनाला त्याच तिजोरीतून दुसरा इतिहास दाखवण्याचा तितकाच अधिकार पोचतो. पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत आपण हा अनुभव घेतला आहे. तक्रारही आपणच केली आहे. जो इतिहास तिजोरीच्या किल्लीवर अवलंबून राहतो, तो किल्ली हातातून जाताच पोरका होतो.

हिशोब कसा मांडावा?

६ मे २०२५ रोजी अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीनिमित्त राज्य मंत्रिमंडळाची बैठक त्यांच्या जन्मगावी, चौंडी येथे झाली. बैठकीत सुमारे ५,५०३ कोटी रुपयांच्या तीर्थक्षेत्र आणि स्मारक विकास आराखड्यांना मान्यता मिळाली. त्यात चौंडीच्या स्मृतिस्थळासाठी ६८१ कोटी, तुळजापूरसाठी १,८६५ कोटी, कोल्हापूरच्या महालक्ष्मी मंदिरासाठी १,४४५ कोटी होते. परळीचे नाव त्या यादीत नव्हते. येथला आराखडा स्वतंत्र आहे. त्याच बैठकीत अहिल्यादेवींच्या जीवनावर गोरेगावच्या चित्रनगरीमार्फत बहुभाषिक चित्रपट काढण्याचा निर्णय झाला. आणि आणखी एक निर्णय झाला, ज्याची वृत्तपत्रांत फारशी चर्चा झाली नाही : तीन ऐतिहासिक तलाव, १९ विहिरी, सहा घाट आणि सहा कुंडे अशा ३४ जलस्थानांच्या दुरुस्तीसाठी ७५ कोटी रुपये.

अहिल्यादेवींना स्वतः विचारता आले असते, तर यांतला कोणता निर्णय त्यांना सर्वात जवळचा वाटला असता? उत्तर ज्याने त्याने द्यावे. विहिरीचे पाणी पिणाऱ्याला त्याच दिवशी उपयोग होतो आणि विहीर बांधणारी बाई त्याला आपोआप आठवते.

आणखी एक आकडा. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमधील लिलावात नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र शासनाने ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. १८ ऑगस्टला ती मुंबईत पोचली. गेल्या दशकात शासन 'अ' दर्जाच्या एका मराठी चित्रपटाला ४० लाखांचे अनुदान देत असे. म्हणजे जवळपास एका चित्रपटाच्या अनुदानात एक अस्सल वस्तू कायमची स्वदेशी आली. त्याच २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचे स्थान मिळाले. ही कामे चित्रपटाइतकी टाळ्या मिळवत नाहीत. मात्र पुढच्या शंभर चित्रपटांचा कच्चा माल यांतूनच येणार आहे.

तेव्हा शासनाकडे मागणी करायची तर ती कोणती असावी? पहिली, चित्रपटाला अनुदान द्यायचे तर ते मराठीला आणि लहान गावच्या पडद्याला द्यावे. ज्या व्यावसायिक चित्रपटाला गर्दीच पोसते, त्याला तिजोरीची गरज नाही. दुसरी, ऐतिहासिक चित्रपटाला जितके साह्य, त्याच्या काही हिश्श्याइतकी रक्कम मूळ साधनांच्या जतनासाठी बाजूला काढावी. पुण्याच्या पेशवे दफ्तरातून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड निवडून प्रसिद्ध केले. ती त्या महासागरातील ओंजळ होती. मोडी वाचणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. मोडी शिकणाऱ्या तरुणाला शिष्यवृत्ती आणि पुढे काम मिळाले, तर एक नवा बेंद्रे घडू शकेल. तिसरी मागणी, शासनाने चित्रपट काढलाच, तर त्याचे वितरण आणि त्यामागील संशोधन दोन्ही लोकांसमोर खुले ठेवावे.

मराठवाड्याचे ऋण

आता परळीचा आणि या परिसराचा विचार. येथून सुमारे २५ किलोमीटरवर अंबाजोगाई. 'विवेकसिंधु' लिहिणारे मुकुंदराज तेथले. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा या ग्रंथाचे नाव सर्वत्र घेतले गेले. कापडाच्या पासोडीवर अध्यात्म लिहिणारे दासोपंत तेथले. परळीचेच संत जगमित्र नागा यांची समाधी या गावात आहे. सकलेश्वराचे बाराखांबी मंदिर, हत्तीखान्याची लेणी, धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर ही सगळी एका दिवसाच्या सहलीत पाहून होतील इतकी जवळ. अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात शिकवणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांनी पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा प्रदेश निजामाच्या जोखडातून सुटला. त्या लढ्यावर सर्व महाराष्ट्राच्या मनात घर केलेला चित्रपट कोणता, असे विचारले तर चटकन नाव आठवत नाही. कारण साधने संकलित करण्याचे काम थोड्या लोकांनी केले आणि बाकीच्यांनी पडद्याची वाट पाहिली.

कीर्तनकाराची बिदागी गाव देत असे. देवळातील समईचे तेल पाळीपाळीने घराघरांतून येई. रात्रभर चालणाऱ्या भारुडाला तिकीट नव्हते, कर नव्हता आणि अनुदानही नव्हते. तरी एकनाथांपासून जगमित्र नागांपर्यंत सारे संत त्या करमणुकीतूनच निरक्षर माणसाला ठाऊक झाले. ती व्यवस्था शासनाने चालवलेली नव्हती, म्हणून निजामाचे राज्यही ती मोडू शकले नाही. मराठी शाळा उघडणे कठीण होते, त्या दिवसांत कीर्तनाच्या मंडपात मराठी जिवंत राहिली. लोकाश्रय म्हणजे काय, हे मराठवाड्याला दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही.

आज आपल्याला करता येण्याजोग्या गोष्टी लहान आहेत. घराच्या माळ्यावर मोडी कागदांचे बाड असेल, तर ते वाळवी लागण्यापूर्वी जाणत्या माणसाला दाखवून त्याची छायाचित्रे काढून ठेवावीत. मुक्तिसंग्रामाच्या आठवणी सांगणारे जे मोजके वृद्ध आज शंभरीच्या उंबरठ्यावर आहेत, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. हे काम पुढच्या वर्षावर टाकता येणार नाही. गावातील बारव उपसावी, शिलालेखावरचा तैलरंग काढण्यासाठी पुरातत्त्व विभागाला लिहावे. आणि ऐतिहासिक चित्रपट जरूर पाहावा, मुलांना घेऊन पाहावा; मात्र घरी परतल्यावर त्याच विषयावरचे एक पुस्तक त्यांच्या हाती द्यावे. चौघांच्या तिकिटांच्या पैशात चांगले पुस्तक येते. चित्रपट तीन तासांत संपतो, पुस्तक घरात राहते.

करमुक्तीची मागणी करणे सोपे आहे. त्यासाठी एक निवेदन पुरते. ऋणमुक्ती कष्टाची आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण मानणाऱ्या समाजाला इतिहासाचे ऋण कोणत्या खात्यावर टाकायचे, हे सांगावे लागू नये. ते शासनाच्या खात्यावर टाकता येत नाही.

महेश्वरच्या राणीने परळीच्या पायऱ्या बांधल्या, तेव्हा या गावाकडून तिला कर मिळणार नव्हता, मत मिळणार नव्हते. तिने आपल्या हिश्श्यावर तुळशीपत्र ठेवले आणि हिशोब मिटवला. दर महाशिवरात्रीला लाखो पावले त्या पायऱ्या चढतात. आपल्या हिश्श्यावर ठेवायचे तुळशीपत्र आपण अद्याप खुडलेले नाही; ते खुडण्याची सुरुवात वैद्यनाथाच्या याच पायरीवरून व्हावी.